नाइटलाइफच्या गल्लीतलं बुटीक हॉटेल: खोली कशी मागावी, झोप कशी वाचवावी

रातवा

बार, क्लब आणि पहाटेपर्यंत चालणारी खाण्याची ठिकाणं जिथे दाटीवाटीनं असतात, तिथे मधोमध एखादं चाळीस-पन्नास खोल्यांचं बुटीक हॉटेल हमखास सापडतं. लॉबीत परिसराचे जुने फोटो, जिन्यात स्थानिक चित्रकाराचं भित्तिचित्र, खोल्यांना गल्ल्यांची नावं, मिनीबारमध्ये शेजारच्या कारागिराचा माल. हा प्रकार नवा नाही. न्यूयॉर्कचं ‘मॉर्गन्स’ १९८४ साली सुरू झालं, ते या जातीच्या पहिल्या काही हॉटेलांतलं. ते काढणारे इयान श्रेगर आणि स्टीव्ह रुबेल म्हणजे ‘स्टुडिओ ५४’ या नाइटक्लबचे माजी मालक. बुटीक हॉटेलाची नाळ क्लबशी अशी सुरुवातीपासून जोडलेली आहे, तेव्हा तिथे शांतता आयती मिळेल असं धरू नका. पुढे साखळी कंपन्याही यात उतरल्या. २००४ मध्ये अटलांटाला पहिलं ‘हॉटेल इंडिगो’ उघडलं आणि हॉटेलाची सजावट त्या-त्या परिसरातून घ्यायची, ही त्या साखळीची ओळखच बनली.

असल्या हॉटेलाबद्दलची निम्मी परीक्षणं ‘अप्रतिम’ म्हणतात, निम्मी ‘रात्रभर डोळा लागला नाही’ म्हणतात. दोन्ही खरी असतात, कारण खोल्या वेगळ्या असतात. इथे हॉटेल निवडून भागत नाही, खोली निवडावी लागते. एका इमारतीतल्या दोन खोल्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

बुकिंगआधी नकाशावर दहा मिनिटं घालवा. उपग्रहचित्रात आजूबाजूच्या सपाट गच्च्यांवर छत्र्या, टेबलं, दिव्यांच्या माळा दिसतात का ते बघा. खालच्या दुकानांच्या वेळा उघडून पाहा. रात्री ८ ला उघडून पहाटे ३ ला बंद होणारं ठिकाण नुसतं रेस्टॉरंट नसतं, नावात काहीही असो. रस्त्यावरून दिसणाऱ्या चित्रात टॅक्सी थांबा, रात्रीच्या बसचा थांबा आणि चोवीस तास चालणारी खाऊची खिडकी शोधा. क्लबपेक्षा त्याच्याबाहेरची रांग जास्त त्रास देते, आणि रांग या तीन ठिकाणी लागते.

परीक्षणं वाचताना तारखेचा वार बघा. मंगळवारी राहून ‘खूप शांत’ लिहिणाऱ्याचा शनिवारवाल्याला काडीचा उपयोग नाही. आणि उशाशी फुकट इअरप्लग ठेवलेले असतात असं कोणी कौतुकानं लिहिलं असेल, तर ती सोय म्हणून वाचू नका, कबुली म्हणून वाचा.

खोल्यांच्या नावांचाही कोश लागतो. ‘कोझी’, ‘पेटीट’ म्हणजे लहान, बहुधा १५ ते १८ चौरस मीटर. ‘सिटी व्ह्यू’, ‘स्ट्रीट व्ह्यू’ म्हणजे खिडकी थेट गोंगाटावर. ‘इंटीरियर’, ‘एट्रियम’, ‘कोर्टयार्ड’ म्हणजे खिडकी आतल्या चौकात किंवा नुसत्या उजेडाच्या बोळात, उजेड कमी पण झोप जास्त. जाहिरातीत ही शेवटची खोली सगळ्यात स्वस्त असते. या परिसरात तीच सगळ्यात मोलाची.

बाकीचं जाणकारांनी भर घालावी.

कडीकोयंडा

छान धागा. रिसेप्शनच्या बाजूचं सांगतो.

बुकिंग करताना ‘विशेष विनंती’च्या चौकटीत लिहिलेलं ‘शांत खोली हवी’ हे वाक्य जवळपास वाया जातं. एक तर ते सगळेच लिहितात. दुसरं, त्यातून खोली लावणाऱ्याला काय करायचं ते कळत नाही. ‘शांत’ म्हणजे लिफ्टपासून लांब, की रस्त्यापासून, की बारपासून? नेमकं लिहा. असं:

‘शुक्रवार-शनिवार दोन रात्री. रस्त्याकडे खिडकी नसलेली खोली चालेल, लहानही चालेल. बार किंवा क्लबच्या लगेच वर, खाली वा भिंतीला लागून नको. लिफ्ट, बर्फाचं यंत्र आणि शेजारच्या खोलीत उघडणारं मधलं दार नको. पलंग कसाही चालेल.’

शेवटचं वाक्य सर्वांत कामाचं. पलंगाचा प्रकार, मजला, दृश्य यांतल्या कशाचा हट्ट सोडताय हे सांगितलं की खोली लावणाऱ्याचे हात मोकळे होतात. चाळीस खोल्यांच्या हॉटेलात ‘मोठा पलंग, वरचा मजला, बाल्कनी आणि शांतता’ असं सगळं जमणारी खोली एखादीच असते, ती आधीच गेलेली असते.

मधल्या दाराचं जोर देऊन सांगतो. कुटुंबांसाठी दोन खोल्या जोडणारं दार असतं, कुलूप लावलं तरी त्याच्या फटीतून शेजारच्यांचं बोलणं शब्दन् शब्द ऐकू येतं. भिंत कितीही जाड असू दे, आवाज दारातून येतो.

वेळ: खोल्यांची वाटणी साधारण आदल्या रात्री किंवा त्या दिवशी सकाळी होते. म्हणून ईमेल दोन-तीन दिवस आधी, आणि आदल्या दिवशी दुपारी एक फोन. सकाळी १० ते १२ चेक-आउटची घाई, ३ ते ६ चेक-इनची. मधल्या वेळात माणूस शांतपणे पडद्यावर तुमचं नाव काढून बघू शकतो. दुसऱ्या संकेतस्थळावरून बुकिंग केलं असेल तर ‘माझी विनंती तुमच्यापर्यंत पोचली का’ हेही विचारा, मधल्या वाटेत ती बऱ्याचदा गळते.

निद्रानाथ

वाचनखूण साठवली. आता आवाजाबद्दल, कारण याबाबतीत दोन गैरसमज फार घट्ट आहेत.

पहिला, ‘वरचा मजला घ्या’. एका ठिकाणाहून येणारा आवाज अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल उतरतो. तिसरा मजला रस्त्यापासून १० मीटर, सहावा २० मीटर धरा. तीन मजले चढून मिळाले ६ डेसिबल. दोन्ही बाजूंनी उंच इमारती असलेल्या अरुंद गल्लीत तेवढेही नाहीत, भिंतींवर आपटत आवाज वर चढतो. आणि गच्चीवर बार असेल तर वर जाणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. वरून येणारा त्रास संगीताचा कमी, धातूच्या पायांच्या खुर्च्या ओढण्याचा जास्त.

दुसरा गैरसमज ‘दुहेरी काच आहे, काळजी नको’. साधी दुहेरी काच थंडी-उन्हासाठी बनवलेली असते. ६ मिलिमीटर काच, १२ मिलिमीटर पोकळी, पुन्हा ६ मिलिमीटर काच अशी बांधणी असेल तर ती २०० हर्ट्झच्या आसपास स्वतःच थरथरते (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं; आकडा जितका कमी तितका सूर खालचा). त्या पट्ट्यात तिचा अडसर ढासळतो, आणि त्याखाली ती एकाच जाड काचेसारखी वागते. क्लबचा ठोका असतो ५० ते १२५ हर्ट्झमध्ये. म्हणजे बोलणं, हॉर्न, आरडाओरडा अडतो आणि फक्त ‘धप् धप् धप्’ आत येतं. बाकी सगळं शांत झाल्यामुळे ते उलट जास्तच जाणवतं.

आवाजासाठी हवी ती आतून बसवलेली दुसरी स्वतंत्र खिडकी, मधे १० ते २० सेंटिमीटर जागा सोडून. १० सेंटिमीटर पोकळीत तोच थरथरीचा आकडा ७० हर्ट्झपर्यंत खाली उतरतो. जुन्या जतन केलेल्या इमारतींत मूळ खिडकी बदलायची मुभा बहुधा नसते, म्हणून तिथे ही आतली खिडकी बरेचदा सापडते. फोनवर ‘दुहेरी काच आहे का’ विचारू नका, ‘आतून दुसरी खिडकी आहे का’ विचारा.

आणि फट. २ चौरस मीटरच्या खिडकीच्या एका कडेला ५ मिलिमीटर रुंद, सव्वा मीटर लांब फट राहिली, तर ३५ डेसिबल अडवणारी खिडकी २५ वर येते. खोलीत शिरल्यावर कागदाचा कपटा खिडकीत धरून ती बंद करा, मग ओढा. सहज सुटला तर तिथली रबरी पट्टी मेलेली आहे. चारी बाजूंनी करा, मिनिटभराचं काम. हँडल पूर्ण फिरवलेलं नसणं हेही नेहमीचं कारण. चौकटीच्या वरच्या भागात हवेची सरकती झडप असेल तर तीही बघा, सफाईनंतर ती उघडीच राहते.

संदर्भासाठी: जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शिकेत शयनगृहात रात्री सरासरी ३० डेसिबल आणि क्षणिक कमाल ४५ असं सुचवलेलं आहे. एक मीटरवर ओरडणारा माणूस ८० च्या वर जातो. मधलं अंतर आणि खिडकी यांनी मिळून उरलेलं सगळं खायचं असतं.

तिसरी_घंटा

>>रस्त्याकडे खिडकी नसलेली खोली<<

मागच्या बाजूची खोली मागितली की झालं ना मग? सोबत लहान मूल असेल तर तेच बरं वाटतंय.

कडीकोयंडा

तिसरी_घंटा, मागची बाजू कशावर उघडते त्यावर आहे. आतल्या चौकावर असेल तर उत्तम. सेवेच्या बोळावर असेल तर त्या बोळाचं वेळापत्रक समजून घ्या.

बार बंद झाला की अर्ध्या-पाऊण तासात रिकाम्या बाटल्यांचे क्रेट मोठ्या डब्यात उलटे होतात. काचेवर काच आदळण्याचा तो आवाज खाडकन येतो आणि संगीत संपल्यावर, नुकती झोप लागते तेव्हाच येतो. त्यानंतर पहाटे कचऱ्याची गाडी, मागे येताना बीप-बीप करत. मग उजाडता उजाडता ताजा माल उतरवायला येणाऱ्या गाड्या, चाकाच्या पिंजऱ्यांचा खडखडाट. शिवाय स्वयंपाकघराचा धूर ओढणारा पंखा आणि एसीची बाहेरची यंत्रं तिथेच असतात, पण त्यांची एकसुरी घरघर फारशी बोचत नाही, उलट बाकीचं झाकते.

म्हणून प्रश्न असा विचारा: ‘बाटल्या कुठे टाकल्या जातात, आणि किती वाजता?’ हा प्रश्न ऐकून रिसेप्शनवाला एक क्षण थबकतो आणि मग खरं सांगतो.

मूल सोबत असेल तर अजून एक. तळमजल्यावरचा किंवा गच्चीवरचा बार पुष्कळदा हॉटेल स्वतः चालवत नाही, जागा दुसऱ्या व्यावसायिकाला दिलेली असते. तेव्हा रात्री १ ला रिसेप्शनला फोन करून ‘आवाज कमी करायला सांगा’ म्हटलं तरी त्यांच्या हातात विनंतीपलीकडे काही नसतं. बार कोणाचा आहे हे आधीच विचारून ठेवा. हॉटेलचाच असेल तर रात्रीच्या व्यवस्थापकाचं चालतं.

ठोकळा

एवढा सगळा खटाटोप करायचा तर तिथे राहायचंच कशाला? दोन स्टेशनं लांब, साध्या वस्तीत राहा आणि टॅक्सीनं या.

रातवा

ठोकळा, मुद्दा रास्त आहे आणि झोप फार सावध असेल तर तेच करावं. पण रात्री अडीचला, सगळे बार एकदम सुटतात तेव्हा, टॅक्सीचे दर चढलेले असतात आणि गाडी लवकर मिळत नाही. त्या वेळी चालत तीन मिनिटांत खोलीत पोचणं हीच या हॉटेलांची खरी सुविधा. ज्याला रात्री १०:३० ला झोपायचंय त्यानं तिथे जाऊ नये. ज्याला १ ला परतायचंय, त्याला १ नंतरच्या दोन-तीन तासांचीच काळजी घ्यायची असते. रस्ता सर्वांत गजबजतो तो बार चालू असताना नाही, बंद झाल्यानंतरच्या अर्ध्या-एक तासात. सगळे बाहेर, संगीत नाही, म्हणून गळ्याचा आवाज टिपेला. तेवढा तास बाहेर काढायचा किंवा गाढ झोपेत घालवायचा.

खिडकीतला_बोका

आवाजाचं चाललंय, पण उजेडाचं कोणी बोललंच नाही. समोरच्या पाटीचा गुलाबी-निळा निऑन पडद्याच्या मधल्या फटीतून बरोबर उशीवर पडतो. कपाटात पँट लटकवायचे चिमट्याचे हँगर असतात. त्याचे दोन चिमटे दोन पडद्यांच्या कडांना लावायचे, फट बंद. एक छातीच्या उंचीवर, एक गुडघ्याच्या. वरून येणारा उजेड राहतो, त्याला डोळ्यावरची पट्टीच.

आधी पडदे दोन थरांचे आहेत का ते बघा. पातळ जाळीदार पडदा ओढून लोक झोपतात आणि मागचा जाड पडदा भिंतीच्या कोपऱ्यात गुंडाळलेला राहतो.

‘डिझाइन’च्या नावाखाली आणखी काही गोष्टी गळ्यात मारलेल्या असतात. न्हाणीघराला काचेची भिंत, दाराऐवजी रुळावर सरकणारी फळी. ती फळी कधीच पूर्ण बसत नाही, दोन्ही कडांना बोटभर फट. दोघं मित्र किंवा आई-मुलगा राहणार असतील तर फोटो मोठा करून हे बघाच. फरशी नुसत्या सिमेंटची, छत उघडं, गालिचा नाही, म्हणजे खोली घुमणार आणि वरच्या मजल्यावरची प्रत्येक टाच ऐकू येणार. कपाटाऐवजी भिंतीतली एक दांडी. उघड्या विटांची भिंत दिसायला सुंदर, पण तिला लागून ठेवलेल्या उशीवर सकाळी भुगा.

निद्रानाथ

बोकोबा, हँगर एकदम बरोबर.

इअरप्लगबद्दल लिहायचं राहिलं होतं. फोमचे नीट घातले तरच कामाचे, आणि बहुतेक जण अर्धवट घालतात. हात धुवा. प्लग बोटांत फिरवत बारीक, सुरकुती न पडलेली काडी करा. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यामागून नेऊन कानाची वरची पाळी वर आणि मागे ओढा, म्हणजे कानाची वाट सरळ होते. काडी आत सरकवा आणि बोट टेकवून तीस सेकंद थांबा, फोम फुगेपर्यंत. समोर आरशात पाहिल्यावर प्लगचं टोक कानाबाहेर लोंबताना दिसलं तर पुन्हा घाला. अर्धवट बसलेल्या प्लगचा तोटा खालच्या सुरांत सगळ्यात जास्त होतो, म्हणजे क्लबच्या ठोक्याला तो जवळजवळ नसल्यासारखाच. काढताना हळूच पिळत काढा, हिसडू नका.

पाकिटावर किती डेसिबल आवाज अडतो याचा आकडा असतो, अमेरिकन पद्धतीत ‘एनआरआर’, युरोपीय पद्धतीत ‘एसएनआर’. युरोपीय पाकिटावर एच, एम, एल असे आणखी तीन आकडे छापलेले असतात. त्यातला एल खालच्या सुरांचा. दोन पाकिटांत निवडायचं असेल तर एल बघा. हे आकडे प्रयोगशाळेतले आहेत, प्रत्यक्ष कानात त्याहून बरंच कमी मिळतं.

इमारतीच्या सांगाड्यातून येणारा ठोका मात्र प्लगनं फारसा जात नाही, तो पलंगातून आणि हाडांतूनही पोचतो. त्यावर एक साधी युक्ती. खालचा सूर खोलीत सगळीकडे सारखा नसतो. साडेतीन मीटरच्या आसपास रुंदीच्या खोलीत ५० हर्ट्झची लाट दोन भिंतींमध्ये बरोबर अर्धी बसते: भिंतीपाशी दणका, मधोमध जवळपास शांत. पलंगाचं डोकं भिंतीला टेकलेलं असतं, म्हणजे तुमचं डोकं नेमकं दणक्यात. उशी पायथ्याकडे न्या आणि उलटं झोपा. दीड-दोन मीटरनं बराच फरक पडू शकतो. आधी उभं राहून, मान इकडून तिकडे नेत ऐकून बघा. कोपरा सर्वांत वाईट. खोलीच्या मापावर आहे, त्यामुळे प्रत्येक वेळी चालेलच असं नाही, पण खर्च शून्य.

एसीचा पंखा ‘ऑटो’वर ठेवू नका, एका वेगावर स्थिर ठेवा. ऑटोवर तो थांबतो, मग शांततेत ठोका उघडा पडतो, मग पुन्हा सुरू होतो, आणि दोन्ही वेळा जाग येते. फोनवरून पावसाचा आवाज लावणाऱ्यांना: फोनच्या इवल्याशा स्पीकरला खालचे सूर काढताच येत नाहीत, त्यामुळे बाहेरच्या गप्पा झाकल्या जातील, क्लब नाही.

दाराखालच्या फटीला टॉवेलची घट्ट वळकटी. मार्गिकेतलं बोलणं आणि उजेड दोन्ही कमी होतात. छतावरच्या धूरसूचकाला मात्र कापड, टोपी काहीही लावायचं नाही, त्याचा दिवा कितीही लुकलुकला तरी.

सायंतारा

रात्री पोचणाऱ्यांसाठी थोडं. अशा गल्ल्या शुक्रवार-शनिवारी रात्री वाहनांना बंद असू शकतात. गाडी कोपऱ्यावर सोडते आणि पुढचे तीन-चारशे मीटर गर्दीतून, दगडी फरशीवरून चाकाची बॅग ओढत जावं लागतं. हॉटेलला विचारा: ‘शुक्रवारी रात्री ९ नंतर गाडी दारापर्यंत येते का, नसेल तर कुठे उतरू?’ मागच्या रस्त्याला दुसरं दार असतं ते त्यांना माहीत असतं, संकेतस्थळावर नसतं. जमलं तर ८ च्या आत पोचा.

बार आणि हॉटेल यांचं दार एकच असेल तर लिफ्ट कार्डाशिवाय खोल्यांच्या मजल्यावर जाते का ते तिथेच करून बघा. जात असेल तर बारमधला कोणीही तुमच्या दाराशी येऊ शकतो. खोलीत आतून खटका आणि साखळी दोन्ही लावा. रिसेप्शनवर खोलीचा नंबर मोठ्यानं उच्चारला गेला आणि मागे बारची रांग असेल, तर दुसरी खोली मागण्यात काही गैर नाही. चांगले कर्मचारी नंबर कार्डाच्या पाकिटावर लिहून देतात.

जुन्या गोदामांत, गिरण्यांत, बँकांच्या इमारतींत ही हॉटेलं काढतात तेव्हा मार्गिका वेड्यावाकड्या होतात. आपल्या दारापासून जिन्यापर्यंत किती दारं आहेत ती एकदा मोजून ठेवा. धुरात डोळ्यांनी दिसत नाही, हातानं दारं मोजता येतात.

कडीकोयंडा

पैशाचंही एक. चेक-इनला कार्डावर अनामत रक्कम रोखून धरतात. क्रेडिट कार्डावर ती नुसती मर्यादेतून वजा दिसते. डेबिट कार्डावर खात्यातले खरे पैसे अडकतात आणि चेक-आउटनंतरही मोकळे व्हायला काही दिवस लागू शकतात, ते हॉटेलच्या नाही, बँकेच्या हातात असतं. रक्कम किती आणि रात्रीमागे की एकदाच, हे आधी विचारा. ‘सुविधा शुल्क’ किंवा ‘डेस्टिनेशन फी’ नावाची ओळ बिलात असेल तर त्यात काय मिळतं ते वाचा. कधी कधी बारमध्ये वापरायचं काही रकमेचं कुपन त्यातच असतं आणि कोणी मागतच नाही.

झुंबर

सगळं करूनही खोली वाईट निघाली तर? रात्री १ ला काय करायचं?

कडीकोयंडा

झुंबर, रात्री १ पर्यंत थांबायचंच नाही. दुपारी ३ ला खोली शांतच असते, क्लबला कुलूप असतं. म्हणून बॅग उघडायच्या आधी पलंगाच्या डोक्याकडच्या भिंतीपलीकडे काय आहे, वर काय, खाली काय, हे तीन प्रश्न विचारा. संध्याकाळी ६-७ च्या सुमारास क्लबवाले ध्वनियंत्रणा तपासतात, तेव्हा पाच मिनिटं एसी बंद करून खोलीत बसा. तेव्हा ठोका भिंतीत जाणवला तर तत्क्षणी खाली जा. ७ वाजता एक-दोन खोल्या अजून रिकाम्या असतात. ११ ला शनिवारी एकही नसते.

तरीही रात्रीची वेळ आलीच तर नेमकं सांगा: ‘३०४, डावी भिंत, पाऊण तासापासून संगीताचा ठोका, बोलणं नाही.’ पाइपचा आवाज, शेजाऱ्यांची पार्टी आणि क्लब या तीन तक्रारींवर तीन वेगळे उपाय आहेत. शेजाऱ्यांची पार्टी असेल तर रखवालदार दोन मिनिटांत जातो. क्लब असेल तर खोली बदलणं एवढाच उपाय. ‘पैसे परत द्या’ने सुरुवात करू नका, रात्रीच्या माणसाला तो अधिकार बहुधा नसतो. आधी खोली मागा, नसेल तर ‘तक्रार नोंदवून घ्या, सकाळी व्यवस्थापकाशी बोलतो’ म्हणा आणि नोंद झाली का ते विचारा. लहान हॉटेलात रात्री टेबलावर एकच माणूस असतो आणि मध्यरात्रीनंतर त्याचं दिवसाचा हिशेब बंद करायचं कामही चालू असतं, तेव्हा पाच-दहा मिनिटं द्या त्याला.

निद्रानाथ

पुरावा म्हणून फोनवरच्या डेसिबल मापकाचा आकडा दाखवू नका. तो बहुधा ‘ए’ वजनाचा असतो, म्हणजे ६३ हर्ट्झचा आवाज २६ डेसिबल कमी करून मोजतो. भिंत थरथरत असते आणि पडदा ३४ दाखवतो. व्यवस्थापक म्हणणार, हे तर ग्रंथालय झालं. त्यापेक्षा पाण्याचा काठोकाठ भरलेला पेला टेबलावर ठेवून तरंगांची दहा सेकंदांची चित्रफीत काढा. सांगाड्यातून जोरदार ठोका येत असेल तरच तरंग दिसतात, आणि दिसले तर वाद संपतो.

तिसरी_घंटा

:) पेल्याची युक्ती भारी.

कडीकोयंडा, म्हणजे आतल्या चौकाची खोली, मधला मजला, मधलं दार नको. आणि परिसराची ती ‘हाताने काढलेली’ नकाशाची घडी मिळते, तिच्यावर विश्वास ठेवायचा का?

रातवा

नकाशाची छापल्याची तारीख कोपऱ्यात असते का बघा. या परिसरातली ठिकाणं पटापट बंद होतात, जुन्या नकाशावरची तीन-चार तरी गेलेली असणार. हॉटेलाला परिसराशी खरंच देणंघेणं आहे की नुसती रंगरंगोटी, हे ओळखायला भिंतीवरच्या चित्राखाली चित्रकाराचं नाव आहे का ते बघायचं आणि लॉबीतल्या बारमध्ये खोलीचं कार्ड नसलेली, आजूबाजूची माणसं बसतात का तेही. कुठे जावं हे विचारायचं तर सकाळच्या मदतनिसाला विचारू नका. रात्रपाळीवाल्याला विचारा, काम सुटल्यावर तो स्वतः कुठे खातो ते. पहाटे ४ ला काय उघडं असतं हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं.

सायंतारा

तिसरी_घंटा, एक राहिलं. उशिरा खोली सोडायची असेल तर सकाळी विचारू नका, आदल्या संध्याकाळी विचारा, सफाईची यादी सकाळी लवकर ठरते. ‘त्रास देऊ नका’ची पाटी झोपायच्या आधी लावा. आणि नाश्ता शनिवार-रविवारी किती वाजेपर्यंत ते बघून ठेवा. नाश्ता दहाला संपणार असेल तर सोबतच्या मोठ्यांपैकी एकानं मुलाला घेऊन खाली जायचं, दुसऱ्यानं झोपायचं.

तिसरी_घंटा

ठरलं. उद्या दुपारी १ ला फोन करते, पहिला प्रश्न बाटल्यांचा.